साठातले अडतीस दिवस

ताई,
मी मूळची नाशिकची. मी, नवरा आणि आमचा सहा वर्षांचा मुलगा सप्टेंबर २०२२ पासून इंग्लंडमध्ये लेस्टरला आहोत. नवरा आयटीत, स्किल्ड वर्कर व्हिसावर आला. मी आणि मुलगा त्याचे डिपेंडंट. व्हिसा सप्टेंबर २०२७ पर्यंतचा होता. मी फिजिओथेरपिस्ट. एचसीपीसीचं, म्हणजे इथे फिजिओ म्हणून काम करायला लागणारं रजिस्ट्रेशन मिळवण्यात दीड वर्ष गेलं, आता एनएचएसच्या (इथली सरकारी आरोग्यसेवा) एका रुग्णालयात बँड ५ या वेतनश्रेणीवर आहे. मुलगा लहान म्हणून आठवड्याचे साडेबावीस तासच करते.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी नवऱ्याने सांगितलं, त्याची नोकरी ३१ ऑगस्टलाच गेली. रिडंडन्सी, जागाच रद्द केली. म्हणजे जवळजवळ दोन महिने तो रोज पावणेआठला इस्त्रीचा शर्ट घालून, लॅपटॉपची बॅग आणि मी केलेला डबा घेऊन घराबाहेर पडत होता. लायब्ररीत बसून नोकरीचे अर्ज करायचा आणि डबा व्हिक्टोरिया पार्कातल्या बाकावर खायचा. का नाही सांगितलंस, तर म्हणे दिवाळी होऊ दे म्हटलं.

६ ऑक्टोबरला त्याला होम ऑफिसचा (इथलं गृहखातं, तेच व्हिसा बघतं) मेल आलाय. त्याचा व्हिसा आता ५ डिसेंबरला संपतो. मला काहीच मेल नाही. मग माझा व्हिसा आहे की गेला? मी कामावर जाऊ की नको? ओळखीतला एकजण १२ हजार पौंडांत सीओएस, म्हणजे स्पॉन्सरशिपचं सर्टिफिकेट, काढून देतो म्हणतोय. तोवर नवरा मित्राच्या अकाउंटवर जेवणाच्या डिलिव्हऱ्या करायचं म्हणतोय. नाशिकला कुणाला काही माहीत नाही. सामान बांधायचं का?

मला तू म्हणा. आणि हसू नका, पण सकाळी उठून डबा करायचा की नाही, हेच मला कळत नाहीये.

– लेस्टरहून एक वाचक


तू म्हणते. आणि हसत नाही.

आधी तारखा. मी हे २८ ऑक्टोबर २०२५ ला लिहितेय. ५ डिसेंबरला ३८ दिवस उरलेत. मेल आल्यापासून बावीस दिवस गेले, त्यातले अठरा तुला पत्ताच नसताना. त्याबद्दल तुला नवऱ्याचा जो काही राग आला असेल, त्याकडे मी शेवटी येते. आत्ता कॅलेंडर भिंतीवरून काढून स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेव.

आपल्याकडे एक घोळ सर्रास होतो. नोकरी गेल्यावर देशात राहायला अमेरिकेत एच-१बीवाल्यांना जे साठ दिवस मिळतात, ते नोकरीच्या शेवटच्या दिवसापासून मोजतात. त्यामुळे न्यू जर्सीचा मावसभाऊ व्हॉट्सॲपवर ठासून सांगतो, 'अरे, तुमचे दिवस तर ऑक्टोबरच्या शेवटालाच संपतात!' इंग्लंडचं तसं नाही. इथे कंपनीने नोकरी संपल्यावर कामाच्या दहा दिवसांत होम ऑफिसला कळवायचं असतं. मग होम ऑफिस आपल्या सवडीने, कधी महिन्याने, कधी त्याहून उशिरा, पत्र पाठवतं आणि त्या पत्रात नवी तारीख देतं. साधारणपणे साठ दिवसांची. मूळ व्हिसाचेच त्याहून कमी दिवस उरले असतील तर तेवढेच. तुमच्या बाबतीत ती तारीख ५ डिसेंबर. ३१ ऑगस्ट ते ६ ऑक्टोबर या काळात नवरा बेकायदा राहत होता, असं काही नाही. त्या काळाचं ओझं डोक्यावरून उतरव.

आता तुझा व्हिसा. नवऱ्याचा व्हिसा गेला की बायकोचा त्याच क्षणी आपोआप गेला, असं इथल्या नियमांत नाही. ज्याच्या आधारावर डिपेंडंट आलाय त्याची परवानगी रद्द झाली, तर डिपेंडंटचीही रद्द 'करता येते', असं आहे. म्हणजे तुझ्यासाठी आणि मुलासाठी होम ऑफिसला वेगळा निर्णय घ्यावा लागतो आणि तो तुम्हाला कळवावा लागतो. तो निर्णय होईपर्यंत तुझी परवानगी जिवंत आहे.

पण मेल 'आला नाही' हे तुला कसं कळलं? २०२२ चा अर्ज बहुधा कंपनीच्या वकिलाने भरला असेल. त्यात तुझा म्हणून कुठला ईमेल दिला होता, आठवतंय? मी अशी घरं पाहिली आहेत जिथे बायकोचं पत्र नवऱ्याच्या ऑफिसच्या मेलवर गेलं, आणि ते खातं नोकरीबरोबरच बंद झालेलं. आज रात्री मुलगा झोपला की दोघांनी बसा. तुझं, त्याचं आणि मुलाचं, होम ऑफिसच्या साइटवरची तिन्ही यूकेव्हीआय (व्हिसा) खाती उघडा, ईव्हिसावरची, म्हणजे ऑनलाइन व्हिसावरची, तारीख बघा, ईमेल आणि पत्ता बदलायचा असेल तर तिथेच बदला. स्पॅमही उपसा. तुझ्या ईव्हिसावर ५ डिसेंबर दिसली तर उत्तर मिळालं. अजून सप्टेंबर २०२७ दिसत असेल, तर आजच्या घडीला तुझा व्हिसा वैध आहे. पण त्यावर घर बांधू नकोस. ज्या खांबावर तो उभा होता तो पडलाय, छप्पर अजून खाली आलेलं नाही, एवढंच. तुझीही तारीख ५ डिसेंबरच आहे असं धरून चाल.

कामावर जाऊ का? जा. उद्याच जा. डिपेंडंट म्हणून तुला काम करायची जी मुभा आहे ती तुझ्या परवानगीच्या शेवटच्या दिवसापर्यंत आहे. तास वाढवून मिळाले तर तेही घे, आणि का ते पुढे सांगते.

नवऱ्याचं मात्र नेमकं उलट. त्याने इंटरनेटवर कुठेतरी वाचलं असणार की स्किल्ड वर्करला आठवड्याला वीस तास जादा काम करता येतं. येतं, पण मूळ स्पॉन्सरकडची नोकरी चालू असेल तोवरच. मूळच गेलं तर फांदी कुठली! तो आज कुठेही कमवू शकत नाही, स्वतःच्या अकाउंटवर नाही आणि मित्राच्या तर मुळीच नाही. बेकायदा काम हा इथे गुन्हा आहे, आणि २०२५ मध्ये या डिलिव्हरीवाल्या ॲपांनी नेमकी उसन्या अकाउंटांसाठीच चेहऱ्याची तपासणी वाढवली आहे. रात्रीच्या सत्तर-ऐंशी पौंडांसाठी तीन वर्षांचा स्वच्छ रेकॉर्ड डागाळायचा, हा हिशोब नाशिकच्या किराणा दुकानातला पोऱ्यासुद्धा करणार नाही.

बारा हजारवाला. त्याचं नाव तू लिहिलं नाहीस, बरं केलंस. अशा माणसाला गाठायला लेस्टरलाच असावं लागतं असं नाही. स्लाव, वेम्ब्ली, बर्मिंगहॅम, प्रत्येक गावात एक आहे आणि तो नेहमी 'ओळखीतलाच' असतो. तो जे विकतोय ते सर्टिफिकेट खरंही असेल. खोटी असते ती नोकरी. कागदावर पगार दिसतो, तो तुमच्याच पैशातून तुम्हाला परत येतो, आणि त्यावरचा टॅक्सही तुम्हीच भरता. पुढे त्या कंपनीचं स्पॉन्सर करायचं लायसन्स गेलं की पुन्हा हाच साठ दिवसांचा मेल. आणि फसवणूक केल्याचा शिक्का बसला तर दहा वर्षं या देशाचा व्हिसा विसरायचा. ३१ डिसेंबर २०२४ पासून तर नियमच आहे की लायसन्सचा आणि सीओएसचा खर्च कंपनीने स्किल्ड वर्करकडून वसूल करायचा नाही. तेव्हा कोणी सीओएसचे पैसे मागितले, की त्या माणसाबद्दल आणखी काही शोधायची गरज उरत नाही.

हे झालं काय करू नये ते. आता ज्यासाठी मी तुझं पत्र निवडलं त्या गोष्टीवर येते.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात नवऱ्याची नोकरी आहे, नवऱ्याचा मेल आहे, नवऱ्याचा शर्ट आहे. तुझ्या नोकरीला तू एक ओळ दिलीस, तीही 'साडेबावीस तासच' अशी. अगं, या घरात आत्ता स्पॉन्सर करण्याजोगी नोकरी कुणाकडे असेल तर ती तुझ्याकडे आहे! तुझं काम पदवीच्या दर्जाचं आहे. २२ जुलै २०२५ पासून स्किल्ड वर्करची पायरी पदवीपर्यंत वर गेली आणि कितीतरी कामं यादीतून पडली, फिजिओथेरपी शाबूत आहे. बहुतेक एनएचएस ट्रस्टांकडे (रुग्णालयं चालवणाऱ्या संस्थांकडे) स्पॉन्सरचं लायसन्स असतं. तुझ्या ट्रस्टचं आहे का, ते होम ऑफिसच्या जाहीर यादीत दोन मिनिटांत सापडेल. तू मुख्य अर्जदार झालीस की नवरा आणि मुलगा तुझे डिपेंडंट. नाणं तेच, बाजू दुसरी.

अडतं कुठे, तर तासांत. नीट बघ. बाहेरच्या कंपनीत नव्याने स्किल्ड वर्कर व्हायचं तर आज वर्षाला ४१,७०० पौंड पगार लागतो. एनएचएससारख्या ठरलेल्या वेतनश्रेणीतल्या कामांना एवढा लागत नाही, पण तिथेही पगार किमान २५,००० पौंड हवा, आणि हे २५ हजार अर्धवेळ म्हणून कमी करून मिळत नाहीत. बँड ५ ची सुरुवात २०२५-२६ मध्ये ३१,०४९ पौंडांवर आहे, आठवड्याला साडेसदतीस तासांची. तुझ्या साडेबावीस तासांचे होतात साधारण १८,६३०. तीस तास केलेस तर २४,८३९. म्हणजे १६१ पौंडांनी चुकलं! आठवड्याचे चार दिवस भरूनही अर्ज बाद. एकतीस तास मागितलेस तर २५,६०० च्या पुढे जातेस आणि बसतेस. तू सुरुवातीच्या पायरीच्या वर असशील तर हिशोब आणखी सोपा होईल, पगाराची स्लिप काढून बघ. त्यातल्या त्यात शहाणपणाचं म्हणजे पूर्ण साडेसदतीस मागणं. आकड्याच्या काठावर उभं राहून होम ऑफिसला अर्ज करू नये, असं माझं मत.

तेव्हा या आठवड्यात मॅनेजरशी बोल. मला माहीत आहे तुला काय वाटतंय ते: घरची गोष्ट कामावर कशी सांगायची. आपल्या बायकांना पेशंटच्या मानेचं, कंबरेचं, गुडघ्याचं दुखणं तासभर ऐकता येतं आणि स्वतःचं एक वाक्य तोंडातून निघत नाही. वाक्य मी देते. 'माझा व्हिसा नवऱ्याच्या नोकरीवर होता, ती गेली आहे, ५ डिसेंबरनंतर मला काम करता येणार नाही. मला पूर्ण वेळ काम करायची तयारी आहे. ट्रस्ट मला स्पॉन्सर करेल का?' एवढंच. दिवाळी नको, लायब्ररी नको, डबा नको. मॅनेजरला यातलं फार काही माहीत नसेल, तर एचआरमध्ये जो हे काम बघतो त्याचं नाव विचारून घे आणि त्याच दिवशी त्याला मेल टाक. त्या मेलमध्ये एक गोष्ट आवर्जून लिही: तू देशातच आहेस, त्यामुळे तुझ्यासाठी लागणारं सर्टिफिकेट 'अनडिफाइन्ड' प्रकारचं आहे. ते ट्रस्टच्या वर्षाच्या कोट्यातून निघतं. परदेशातून माणूस आणताना जी वेगळी मंजुरी मागावी लागते ती इथे लागत नाही. 'याला तीन महिने लागतील' असं म्हणणाऱ्या निम्म्या लोकांच्या डोक्यात तो दुसरा प्रकार असतो.

नकार येऊ शकतो. ट्रस्टांकडे पैसा नाही, स्पॉन्सर करायला त्यांना सर्टिफिकेटच्या ५२५ पौंडांशिवाय वर्षाला १,००० पौंडांचा स्किल्स चार्ज नावाचा आकारही भरावा लागतो आणि तो १६ डिसेंबर २०२५ पासून वाढतोय. शिवाय तुझ्यासाठी तेवढ्या तासांची खरी जागा रिकामी हवी. म्हणून एका मॅनेजरच्या नकारावर थांबू नकोस. त्याच ट्रस्टमध्ये दुसरा विभाग, शेजारच्या गावातला दुसरा ट्रस्ट, सगळीकडे एकदम विचार. एचसीपीसीचा नंबर असलेली, इथला अनुभव असलेली आणि आजच हजर असलेली फिजिओ ही साधी गोष्ट नाही.

इंग्रजीच्या पुराव्यात मात्र बरेच जण ठेचकाळतात. डिपेंडंट म्हणून येताना तुला इंग्रजीची परीक्षा लागली नव्हती, आता मुख्य अर्जदार म्हणून लागेल. तू म्हणशील, एचसीपीसीसाठी आयईएलटीएस दिलीच होती की. ती साधी होती की 'आयईएलटीएस फॉर यूकेव्हीआय'? साधी इथे चालत नाही, आणि दुसरी असली तरी दोन वर्षांच्या आतली हवी. दुसरा रस्ता तुझ्या पदवीचा. तुझी पदवी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असेल, शिक्षण इंग्रजीतून झालेलं असेल, तर एक्टिस नावाच्या संस्थेकडून तसं प्रमाणपत्र घेता येतं. त्यासाठी 'मीडियम ऑफ इन्स्ट्रक्शन'चं पत्र मागतात. विद्यापीठातून पत्र काढणं म्हणजे काय ते तुला वेगळं सांगायला नको. म्हणून परीक्षेची तारीख आजच घेऊन ठेव, आणि दुसरीकडे भावाला म्हसरूळला विद्यापीठात पाठव. जे आधी हातात येईल ते. इंग्रजीची बी१ पातळी ७ जानेवारी २०२६ पर्यंतच पुरते, ८ जानेवारी २०२६ पासून त्याहून वरची बी२ लागते. तुला बी२ ही जड जाणार नाही, पण ५ डिसेंबरच्या आत अर्ज गेला तर तो प्रश्नच येत नाही.

मी गोड बोलून मोकळी होणार नाही. याची किंमत आहे. तुम्ही सप्टेंबर २०२७ मध्ये पाच वर्षं पुरी करून आयएलआरला, म्हणजे कायमच्या वास्तव्याला, अर्ज करणार होतात, हे न सांगताही मला कळतं. तू बाजू बदललीस की तुझी डिपेंडंट म्हणून झालेली तीन वर्षं मुख्य अर्जदाराच्या पाचांत धरली जात नाहीत. नवराही तुझा डिपेंडंट म्हणून शून्यापासून. त्यात मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत सरकारने हा पाच वर्षांचा काळ दहावर न्यायचा मानस जाहीर केलाय. म्हणजे चालत आलेला रस्ता पुन्हा चालायचा, आणि तोही लांबलेला असू शकतो. हे कळून निर्णय घे. मला विचारशील तर हातात राहण्याचा हक्क असताना आयएलआरची चिंता करावी, उलट नको.

दुसरं पारडं. नवरा तुझा डिपेंडंट झाला की त्याला कुठलंही काम करता येईल. कुठल्याही कंपनीत, कितीही पगारावर, स्पॉन्सरशिवाय. आयटीतली नोकरी देताना कंपन्या ज्या प्रश्नावर फोन ठेवतात, 'डू यू नीड स्पॉन्सरशिप?', त्याला तो 'नाही' म्हणू शकेल. हवं तर स्वतःच्या नावाने डिलिव्हऱ्याही करेल, राजरोस. शिवाय तुझा व्हिसा हेल्थ अँड केअर प्रकारचा असेल, त्याला व्हिसाच्या अर्जाबरोबर भरायचा आरोग्य अधिभार नाही, कुटुंबालाही नाही. २०२२ मध्ये तुम्ही तिघांनी पाच वर्षांचे मिळून ८,५९० पौंड भरले असतील. परत गेलात तर त्यातला पैसाही परत मिळत नाही. (याबद्दल मला जे म्हणायचंय ते छापण्याजोगं नाही.)

त्याने आपले प्रयत्न थांबवायचे का? अजिबात नाही. त्याच्याकडे एक गोष्ट आहे, जी त्याला बहुधा ठाऊक नाही. त्याचं सर्टिफिकेट ४ एप्रिल २०२४ च्या आधीचं आहे आणि तेव्हापासून तो सलग याच व्हिसावर आहे. अशांना नव्या नोकरीसाठी ४१,७०० ऐवजी ३१,३०० पौंडांचा उंबरठा आहे, किंवा त्या कामाचा ठरलेला दर, त्यातला जो जास्त असेल तो. पण हा सलगपणा तुटला, म्हणजे व्हिसा संपून तो नाशिकला परतला, की ही सवलत गेली. म्हणून 'आत्ता जाऊ, मार्चमध्ये परत येऊ' ही कल्पना वाटते तेवढी स्वस्त नाही. कंपन्यांना त्याने हे स्वतःहून सांगावं, एचआरला हे माहीत असेलच असं नाही.

दोघांपैकी ज्याचं सर्टिफिकेट आधी येईल त्याचा अर्ज, आणि बाकीच्या दोघांचे त्याच्याबरोबर. अर्ज ५ डिसेंबरच्या आत गेला पाहिजे. निर्णय त्याच्या आत यायची गरज नाही. मुदतीत अर्ज केला की निर्णय होईपर्यंत आहे तीच परवानगी पुढे चालते, १९७१ च्या इमिग्रेशन कायद्यात कलम ३सी म्हणून आहे ते. तिच्या अटीही त्याच: तू काम करत राहशील, नवऱ्याला मात्र मंजुरी येईपर्यंत थांबावं लागेल. साधारण आठ आठवडे धरतात. घाई असेल तर माणशी ५०० पौंड जादा देऊन पाच कामाच्या दिवसांत उत्तर मिळतं. तारीख उलटल्यावर एचआरने 'तुझा व्हिसा तर संपला' म्हणून घरी पाठवायला सुरुवात केली, तर घाबरू नकोस. होम ऑफिसच्या एम्प्लॉयर चेकिंग सर्व्हिसकडून त्यांना खातरजमा करून घेता येते. आणि अर्ज आत असताना कुणीही भारतात जायचं नाही. आईचं ऑपरेशन असो की भाच्याचं लग्न, देश सोडला की अर्ज मागे घेतला असं धरतात.

आणि दोघांचंही जमलं नाही, तर ५ डिसेंबरच्या आत विमानात बसायचं. त्यात काही डाग नाही, उद्या पुन्हा व्हिसा मागायला आडकाठी नाही. जाण्याआधी नवऱ्याने पी४५, म्हणजे नोकरी सुटताना मिळणारा पगार-टॅक्सचा कागद, सांभाळून ठेवावा. अर्ध्याच वर्षाचा पगार झालाय, म्हणजे टॅक्स जास्त कापला गेला असण्याची शक्यता आहे, तो पी८५ हा देश सोडतानाचा फॉर्म भरून परत मागता येतो. सामान बांधायचा प्रश्न मी नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात विचारला असता. आज नाही.

एक तास कुणा जाणत्याला पैसे देऊन सगळी कागदपत्रं दाखव. मी वकील नाही. माणूस इमिग्रेशन ॲडव्हाइस अथॉरिटीकडे नोंदलेला हवा, जिला जानेवारी २०२५ पर्यंत ओआयएससी म्हणत, नाहीतर सॉलिसिटर हवा. नाव त्यांच्या यादीत नसेल तर मंडळाच्या गणपतीत तो कितीही वर्षं पुढे पुढे करत असो, उठून ये.

आता राग.

तो खोटं बोलला. एकदा नाही, रोज सकाळी पावणेआठला. तुझा आणि मुलाचा या देशात राहायचा हक्क त्याच्या एका कागदावर लटकलेला असताना त्याने ते अठरा दिवस तुझ्यापासून लपवले. 'बिचारा लाजला असेल' म्हणून मी ते झाकणार नाही. पण बाकावर बसून थंड पोळी-भाजी खाणारा तो माणूसही मला दिसतो. आपण मुलग्यांना वाढवतोच असं, की नोकरी गेली की माणूसच गेला. भांडण कर, जोरात कर, फक्त ६ डिसेंबरला. तोवर त्याच्याकडून तीन गोष्टी आज रात्री घे: नोकरी गेल्याचं पत्र, होम ऑफिसचा पूर्ण मेल, आणि रिडंडन्सीचे पैसे किती आले व कुठे आहेत. दोन वर्षं पुरी भरली असतील तर कायद्याने काही रक्कम मिळायलाच हवी. यातलं काही दाखवायला तो कां-कूं करायला लागला, तर मला परत लिही. तेव्हा माझं उत्तर वेगळं असेल.

नाशिकला सांगा. भावाला पदवीच्या पत्रासाठी पाठवायचं तर काहीतरी सांगावं लागेलच, आणि खोटं सांगायची या घरात आता आणखी गरज नाही. सासूबाईंना त्याने स्वतः सांगावं, तू नको. त्यांना 'डिपेंडंट'चं कोडं पडलं तर रेशनकार्डाचा दाखला दे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यापासून रेशनकार्डावर घरातली सगळ्यात मोठी बाई कुटुंबप्रमुख लागते. घरात तेव्हा कुणी काही बोललं नसेल. होम ऑफिसच्या कागदावर आता तू.

डब्याचं. तुला पूर्ण वेळ मिळाला तर आठला निघावं लागेल, मुलाला ब्रेकफास्ट क्लबला कोण सोडणार, तीनला कोण आणणार, हे आजच ठरवा. नवरा घरी आहे आणि पावणेआठला तयार व्हायची त्याला सवय आहे. डबा उद्यापासून त्याने करावा. एकच, तुझा. पहिले चार दिवस पोळ्या नकाशासारख्या होतील, खा.